रसदीचे शिलेदार
(भारतीय रेल्वेच्या प्रादेशिक सेनेचा अल्प इतिहास)



शाळेत इतिहास शिकविताना एक गोष्ट मला नेहमी जाणवत असे. पुस्तकात लढाई असते, सेनापती असतो, तलवारीचे वर्णन असते. परंतु त्या दिवशी सैन्य जेवले काय, हे कोठेही सांगितलेले नसते. विद्यार्थ्यांनाही तो प्रश्न सुचत नाही. पण ज्या सैन्याला दोन दिवस भाकरी मिळाली नाही, त्याच्या शौर्याचा उपयोग किती, याचा विचार महाराष्ट्रातील माणसाने तरी केला पाहिजे, कारण त्याची फार मोठी किंमत आपल्या पूर्वजांनी मोजलेली आहे.

आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी पाहिली तर भुसावळ, मनमाड, इगतपुरी, दौंड, कल्याण आणि परळ या ठिकाणी रेल्वेत नोकरी केलेली घराणी तीत पुष्कळ आढळतील. त्या घराण्यांतील काही मंडळी सैनिकही होती, ही गोष्ट मात्र त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नसते. अशा सैनिकांच्या दलाचा इतिहास थोडक्यात सांगावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पानिपताचा धडा

१७६० सालच्या हिवाळ्यात सदाशिवरावभाऊंचे सैन्य पानिपतास खंदक खणून बसले होते. सैनिकांच्या बरोबरीने बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले असा प्रचंड समुदाय होता. गोविंदपंत बुंदेले अंतर्वेदीतून धान्य आणि पैका पोचविण्याच्या खटपटीत होते. डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीच्या स्वारांनी त्यांना गाठून ठार केले आणि रसदेची ती वाट बंद झाली. दिल्लीकडची वाटही तुटली. शेवटी उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरावे, अशा निर्धाराने सैन्य १४ जानेवारी १७६१ रोजी खंदकाबाहेर पडले. त्या दिवसाच्या पराभवाची कारणे इतिहासकार अनेक सांगतात. परंतु सैन्य उपाशी होते, याविषयी मतभेद नाही.

त्या काळी रसदेची ने-आण मुख्यतः बैलांच्या पाठीवर होत असे. बंजारा समाजाचे तांडे शांततेच्या काळात मीठ आणि धान्य यांचा व्यापार करीत, आणि युद्ध सुरू झाले की तेच तांडे सैन्याला धान्य पुरवीत. मोगल, मराठे, निजाम या सर्वांच्या फौजा त्यांच्यावर विसंबून असत. १८०३ साली आर्थर वेलस्ली दख्खनेत उतरला, तेव्हा त्यानेही बंजाऱ्यांच्या बैलांची व्यवस्था प्रथम केली; १२ ऑगस्ट रोजी अहमदनगरचा किल्ला घेऊन तेथे कोठार केले, आणि मगच तो पुढे सरकला. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. शौर्यात शिंद्यांचे सैनिक उणे नव्हते. पण वेलस्लीच्या यशात त्याच्या कोठाराचा आणि बैलांचा वाटा मोठा होता, हे त्याने स्वतः कधी नाकारले नाही.

येथे एक तत्त्व ध्यानात घ्यावे. बंजारा हा पगारी शिपाई नव्हता. आपला नेहमीचा धंदा उत्तम जाणणारा तो एक गृहस्थ होता, आणि तोच धंदा युद्धकाळी राज्याच्या उपयोगी पडत होता. आपल्या मराठी राज्यात स्वारांचे दोन वर्ग असत. बारगिराला घोडा सरकारचा मिळे; शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. रेल्वेच्या प्रादेशिक सैनिकाची गोष्ट शिलेदाराचीच आहे. त्याचा घोडा म्हणजे त्याचे कसब होय. इंजिन चालविणे, सांधे बदलणे, रूळ जोडणे हे ज्ञान सेनेने त्याला दिलेले नाही. ते घेऊन तो सेनेत आला.

बैल, वाघीण आणि एक शाळकरी हिशेब

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे लहान मुलासही ठाऊक असते. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिल रोजी, गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने रेल्वेविषयी आपले प्रसिद्ध टिपण लिहिले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यात व्यापाराचा विचार होताच; पण सैन्य एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पूर्वी कधी शक्य नव्हते इतक्या त्वरेने हलविता येईल, हा विचार त्यात आग्रहाने मांडलेला होता. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट रुळांनी ओलांडला गेला, आणि मुंबई बंदर दख्खनेच्या पठाराशी जोडले गेले.

रेल्वेने काय फरक पडला, याचा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडीत असे. जुन्या चारचाकी वाघिणीत सुमारे २२ टन माल मावे. अशा ४० वाघिणींची एक मालगाडी धरली तर ८८० टन माल झाला. लादलेला बैल सव्वाशे किलो ओझे वाहतो असे मानले, तर तेवढ्या मालासाठी ७,००० हून अधिक बैल लागतील. आणि त्या बैलांना वाटेत चारा-पाणी लागेल ते वेगळेच. तीन टनी लष्करी मोटारी वापरल्या तरी त्या सुमारे ३०० लागतील. मालगाडीला मात्र एक ड्रायव्हर, दोन फायरमन आणि एक गार्ड पुरे. परंतु ही चार माणसे जागेवर नसतील, किंवा पुढच्या स्थानकावर पॉइंट्समन पळून गेलेला असेल, तर त्या ८८० टनांचा उपयोग शून्य. रेल्वेच्या बळातच तिची ही दुर्बलताही आहे, आणि पुढील सर्व कथेचे मूळ येथेच आहे.

कूतचा वेढा

पहिल्या महायुद्धात हा धडा आपल्याच माणसांच्या जिवावर पुन्हा गिरविला गेला. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जे सैन्य प्रथम पाठविण्यात आले त्याचे नाव सहावी पुणे डिव्हिजन असे होते. तीत मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड याच्या हाताखाली ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने फार पुढे गेली, मार खाऊन मागे फिरली, आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली. १०३ आणि ११० क्रमांकांच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या.

सुटकेसाठी बसऱ्याच्या बंदरात नवे सैन्य उतरत होते. माणसे होती, तोफा होत्या, धान्यही होते. परंतु बसऱ्यास पुरेसे धक्के नव्हते, बसऱ्यापासून पुढे रेल्वे नव्हती, आणि नदीतून वर जाणाऱ्या आगबोटी अगदी थोड्या होत्या. सैन्य बंदरात साचून राहिले आणि तुकड्यातुकड्यांनी पुढे गेले. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मेली वा जायबंदी झाली. कूतमध्ये शिधा कमी कमी होत गेला. विमानातून धान्याची पोती टाकण्याचा प्रयोग झाला, पण विमाने थोडी आणि ओझे अल्प. अखेरचा उपाय म्हणून २४ एप्रिल १९१६ च्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन सामग्री घेऊन निघाली. ती वाटेतच तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिल रोजी, १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, सुमारे १३,००० लोक शरण गेले. त्यांपैकी कित्येक बंदिवासाच्या वाटेवरच मेले.

वरील हिशेब येथे लावून पाहा. २७० टन म्हणजे बारा-तेरा वाघिणींचा माल! बसऱ्याहून कूतपर्यंत रूळ असते आणि ते चालविणारी माणसे असती, तर एका अर्ध्या मालगाडीने जे काम झाले असते, त्यासाठी हजारो घरे उजाड झाली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूच्या कित्येक खेड्यांत त्या वर्षी मनिऑर्डरी येणे थांबले. पुढे १९१७ साली चौकशी मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. दरम्यान भारतातून रूळ, इंजिने, डबे आणि कामगार पाठवून मेसोपोटेमियात लोहमार्ग घालण्यात आले होते. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले, त्यामागे सेनापती मॉड याची शिस्त होती तशी ही वाहतुकीची नवी व्यवस्थाही होती.

अमेरिकन रेल्वेवाल्यांचे उदाहरण

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य ब्रह्मदेशातून आसामच्या सीमेवर आले, तेव्हा त्या आघाडीचा सारा भार बंगाल-आसाम रेल्वेच्या मीटरगेज मार्गावर पडला. हा मार्ग चहा आणि ताग वाहण्यासाठी बांधलेला होता. ब्रह्मपुत्रेवर पूल नव्हता. अमीनगाव आणि पांडू यांच्यामध्ये डबे तराफ्यावर चढवून पलीकडे न्यावे लागत. १ मार्च १९४४ पासून कटिहार ते लेडो हा सुमारे ८०० मैलांचा मुख्य मार्ग अमेरिकन सेनेच्या रेल्वे पलटणींनी चालविण्यास घेतला, आणि काही आठवड्यांतच माल वाहण्याचे प्रमाण वाढले.

हे अमेरिकन सैनिक कोण होते? ते बहुतांशी त्यांच्या देशातील रेल्वे कंपन्यांचे नोकर होते. एकेका कंपनीने एकेका पलटणीचे पालकत्व घेतले होते. कालचा डिस्पॅचर आज लेफ्टनंट आणि कालचा फोरमन आज सार्जंट होऊन आला होता. त्यांच्याबरोबर हजारो भारतीय रेल्वे कामगार त्याच मार्गावर, त्याच हिवतापात राबत होते, हेही विसरता कामा नये. रेल्वेमाणसाला गणवेश दिला तर त्याचे कसब आणि सैन्याची शिस्त यांचा संयोग होतो, ही गोष्ट या उदाहरणाने सर्वांस पटली.

गोऱ्यांची पलटण आणि आपली सेना

भारतात अशी कल्पना त्यापूर्वी नव्हती असे नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला, बॉम्बे बरोडा, ईस्ट इंडियन अशा मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या स्वयंसेवक पलटणी इंग्रजी अमदानीत होत्या. परंतु त्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरांच्या होत्या. गँगमन, खलाशी आणि पॉइंट्समन यांना त्यांत स्थान नव्हते. १९२० साली कायदा झाला तो देखील दुहेरीच. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांच्यासाठी ऑक्झिलिअरी फोर्स, आणि भारतीयांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स, असे दोन भाग करण्यात आले. रेल्वेच्या पलटणी पहिल्या भागात गेल्या. ज्याच्या हातात फावडे, त्याच्या हाती बंदूक देण्याची सरकारची तयारी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हा भेद संपला. १९४८ साली प्रादेशिक सेनेचा कायदा झाला, आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. तो दिवस आजही प्रादेशिक सेना दिन म्हणून पाळला जातो. ‘सावधानी व शूरता’ हे तिचे ब्रीदवाक्य. प्रारंभी तिच्यात पायदळाबरोबर तोफखाना, सिग्नल, मोटार-वाहतूक, वैद्यकीय पथके अशा नाना प्रकारच्या तुकड्या होत्या. १९७२ पर्यंत त्यांतील पुष्कळशा मोडल्या गेल्या किंवा नियमित सेनेत सामील झाल्या. पायदळ मात्र टिकले. पुणे आणि कोल्हापूर येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक पलटणी आपल्या परिचयाच्या आहेत. याखेरीज ज्यांना विभागीय तुकड्या म्हणतात त्या राहिल्या, आणि त्यांत रेल्वेच्या तुकड्या प्रमुख होत्या. पुढे सरकारी तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्याही तुकड्या उभारण्यात आल्या.

रेजिमेंटची रचना

या रेजिमेंटी इंजिनिअर दलाच्या अंतर्गत येतात. म्हणून त्यांतील साध्या जवानाला सॅपर म्हणतात. जमालपूर, झाशी, कोटा, आद्रा, चंदीगड आणि सिकंदराबाद अशा सहा ठिकाणी त्यांची ठाणी होती. जमालपूर हे १८६२ साली स्थापन झालेल्या प्रसिद्ध रेल्वे कारखान्याचे गाव. तेथील रेजिमेंटचा क्रमांक ९६९, आणि झाशीच्या रेजिमेंटचा ९७०. झाशी विभाग २००३ पर्यंत मध्य रेल्वेतच होता, त्यामुळे आपल्याकडील रेल्वे-कुटुंबांना झाशीचे नाव परके नव्हते.

रेजिमेंटमध्ये कंपन्या, आणि कंपनीत लहान तुकड्या, ही रचना सेनेसारखीच. निराळेपणा आहे तो माणसांचा. येथे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, स्टेशनमास्तर, पॉइंट्समन, सिग्नल दुरुस्त करणारे, डबे तपासणारे, गँगमन आणि त्यांना जेवू घालणारे आचारी, असे सर्व लोक एकाच पटावर असतात. एखाद्या विभागातील सर्व कर्मचारी निघून गेले, तरी अशी एक तुकडी तेथे उतरवून गाड्या चालविता याव्यात, ही त्यातील योजना. अधिकारी बहुधा रेल्वेतलेच. त्यांना प्रादेशिक सेनेचे कमिशन मिळते. कवायत आणि शस्त्रे शिकविणारे उस्ताद नियमित सेनेतून येतात.

एरवी हा मनुष्य आपली रोजची नोकरी करतो. वर्षातून सुमारे एक महिना त्याला शिबिरास जावे लागते. तेथे बंदूक चालविणे, रात्रीची गस्त, पडलेले डबे उचलणे, तुटलेला मार्ग जोडणे यांचा सराव होतो. संकटकाळी सरकार त्याला पाचारण करते आणि त्या क्षणापासून तो सेनेच्या कायद्याखाली येतो. काम संपले की गणवेश उतरवून तो पुन्हा आपल्या केबिनमध्ये रुजू होतो. या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य मला विशेष वाटते. ऑफिसात जो हाताखाली, तो शिबिरात हवालदार म्हणून वर असू शकतो. आणि एकाच लंगरीतले जेवण जेवताना शेजारच्याची जात कोणी विचारीत नाही. आपण ज्ञातीचे मंडळ चालवितो. एकमेकांच्या मुलांच्या शिक्षणास हातभार लावावा म्हणून चालवितो, हे योग्यच आहे. परंतु त्या लंगरीच्या पंगतीचे स्मरण आपणही ठेवावे.

१९७१ ची एक आठवण

१९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांच्या वेळी प्रादेशिक सेनेला पाचारण करण्यात आले. १९७१ साली मी प्राथमिक शाळेत होतो. खिडक्यांच्या काचांना आम्ही निळा कागद चिकटविला होता, एवढे मला आठवते. आमचे थोरले मामा भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते आणि रेल्वेच्या प्रादेशिक सेनेत त्यांनी नाव घातले होते. युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यास शरणागती झाली. पण मामा त्यापूर्वीच घरातून गेले होते आणि पुढे कित्येक आठवडे आले नाहीत. त्यांचे एक कार्ड आले. त्यावर, ‘येथे सर्व कुशल. थंडी फार आहे. गाड्या चालू आहेत,’ एवढाच मजकूर होता. मामींनी ते कार्ड देवघरात ठेवले.

मामा परतल्यावर आम्ही मुलांनी त्यांना घेरले. किती शत्रू मारले, हा आमचा प्रश्न. ते म्हणाले, “अरे, आम्ही कोळसा मारला.” पुढे मी मोठा झाल्यावर त्यांनी थोडेसे सांगितले. रात्री दिवे लावता येत नसत. इंजिनाची भट्टी उघडली की तिचा लाल उजेड आकाशातून दिसेल, म्हणून ड्रायव्हर उभा राहतो त्या जागेवर ताडपत्री बांधीत. त्या ताडपत्रीखाली उष्णता आणि धूर कोंडे. वाघिणींत काय भरले आहे हे त्यांना सांगितले जात नसे, पण ते ओळखत. एका वाघिणीवर धोक्याची खूण असली की फायरमन आपोआप हळू बोलू लागे. ठिकाणाचे नाव त्यांनी शेवटपर्यंत उच्चारले नाही. “तेव्हा सांगायचे नव्हते, म्हणून आताही सांगत नाही,” असे ते म्हणत.

मामांना पदक मिळाले नाही. ते मागेच राहिले, अशी खंतही त्यांनी कधी केली नाही. त्यांच्या निधनानंतर ट्रंक उघडली तेव्हा खाकी कोट आणि सेवापुस्तक निघाले. रद्दीवाल्याच्या तराजूपर्यंत गेलेले ते पुस्तक त्यांच्या नातीने परत आणले, कारण तिला त्यावर अशोकचक्रावरचे सिंह दिसले. घरात कोणालाही आजोबा सैनिक होते हे ठाऊक नव्हते!

एक अवघड प्रसंग

इतिहास लिहिताना गैरसोयीच्या गोष्टी वगळू नयेत. ८ मे १९७४ रोजी देशभर रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस हे त्याचे पुढारी. सुमारे १७ लाख कामगारांचा तो प्रश्न होता, आणि २७ मे रोजी संप मागे घेण्यात आला. या वीस दिवसांत गाड्या चालू ठेवण्यासाठी सरकारने प्रादेशिक सेनेलाही बोलाविले. जो मनुष्य काल कामगारांच्या सभेत बसत होता, त्यालाच आज गणवेश चढवून गाडी न्यावी लागली. एका बाजूस सहकारी, दुसऱ्या बाजूस शपथ. काही घरांत सख्ख्या भावांमध्ये अबोला आला, आणि तो लौकर मिटला नाही.

कोण बरोबर होते याचा निवाडा मी करणार नाही. ज्यांनी संप केला त्यांच्या मागण्या पोटाच्या होत्या. ज्यांनी गाडी नेली त्यांनी हुकूम पाळला होता. परंतु नागरिक आणि सैनिक एकाच देहात असतात तेव्हा केव्हा तरी अशी कसोटी येते, एवढे मात्र या प्रसंगावरून शिकावे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो, पण मोहीम त्याच्या पसंतीची असतेच असे नाही.

उतरणीचा काळ

२०२१ साली सरकारने या सहा रेजिमेंटींपैकी झाशी, कोटा, आद्रा, चंदीगड आणि सिकंदराबाद येथील पाच विसर्जित करण्याचा निर्णय घेतला. जमालपूरची एकच ठेवण्यात आली, आणि तिच्याकडे न्यू जलपाईगुडी, सिलिगुडी, न्यू माल, अलिपूरद्वार, रंगिया या ३६१ किलोमीटरच्या मार्गाची जबाबदारी देण्यात आली.

हाच मार्ग का, हे नकाशा पाहिल्यावर कळते. फाळणीने आसामचा उर्वरित भारताशी असलेला लोहमार्ग तुटला, कारण तो पूर्व पाकिस्तानातून जात होता. तेव्हा हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांवर पूल बांधून अवघ्या दोन वर्षांत नवा जोडमार्ग तयार करण्यात आला, आणि २६ जानेवारी १९५०, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, त्यावरून उतारूंची वाहतूक सुरू झाली. सिलिगुडीजवळ भारताची भूमी सर्वात अरुंद ठिकाणी सुमारे २२ किलोमीटर रुंद आहे. आठ राज्यांचा ईशान्य भाग या चिंचोळ्या पट्टीने उर्वरित देशाशी जोडलेला आहे. पानिपतास भाऊंची जी वाट तुटली, तशी वाट आज देशात कोठे असेल तर ती येथे आहे. म्हणून एक रेजिमेंट राखणे हे दूरदृष्टीचेच मानले पाहिजे.

बाकीच्या पाचांविषयी काय म्हणावे? आज विजेची आणि डिझेलची इंजिने आहेत. फायरमन हे पद उरले नाही. रस्ते आणि विमाने यांची सोय पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहे. काळाबरोबर सेनेची रचना बदलणारच. बंजाऱ्यांचे तांडे रेल्वेने मोडले, तेव्हा त्यांच्यासाठीही कोणी थांबले नाही. पण त्या तांड्यांचा इतिहास लिहून ठेवण्याची कोणाला आठवण झाली नाही, म्हणून त्यांच्याविषयी आज आपण परक्या सेनापतींच्या पत्रांतून वाचतो. आपल्या रेल्वे सैनिकांच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेवटची विनंती

यास्तव सभासद कुटुंबांस दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, ज्यांच्या घरी कोणी रेल्वेत, तारखात्यात, बंदरात किंवा तेल कंपनीत राहून प्रादेशिक सेनेत होते, त्यांनी जुन्या ट्रंका एकदा उघडाव्यात. सेवापुस्तक, शिबिराचा फोटो, एखादे कार्ड मिळाले तर त्याची नक्कल मंडळाच्या कार्यालयात द्यावी. आणि ते वृद्ध हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून चार गोष्टी लिहून घ्याव्यात. चिटणीसांनी पुढील वर्षीच्या अंकात त्या नावांची यादी छापावी.

दुसरी विनंती तरुणांस आहे. प्रादेशिक सेना ही पोटापाण्याची नोकरी नव्हे. स्वतःचा उद्योग सांभाळून देशाला काही दिवस देण्याची ती सोय आहे. १८ ते ४२ या वयाचे पदवीधर तिच्या अधिकारीपदासाठी अर्ज करू शकतात, आणि २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयाने स्त्रियांनाही तिचा मार्ग मोकळा झाला आहे. सर्वांनी जावे असे मी म्हणत नाही. परंतु जो जेथे आहे, तेथले आपले काम त्याने असे पक्के करून ठेवावे की प्रसंग पडल्यास देशाला त्यावर भार टाकता यावा. सिग्नल नीट ठेवणारा, औषधाची पेटी वेळेवर पोचविणारा, धान्याची मोजणी खरी लिहिणारा मनुष्य हा शांततेच्या काळातला राखीव सैनिकच होय.

पानिपतास शूर पुष्कळ होते. धान्याची वाट उघडी राखणारे कमी पडले. कूतलाही तसेच झाले. आमच्या मामांच्या कार्डावरील ‘गाड्या चालू आहेत’ या तीन शब्दांचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. तो आपल्या मुलांना लवकर कळावा, अशी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो. इत्यलम्.